जुने घर आणि उन्हाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. स्वयंपाक, शिवण, मुलांचे संगोपन यांवर माझ्यापेक्षा जाणत्या बायका इथे पुष्कळ बसल्या आहेत. म्हणून ज्या बाबतीत मी स्वतः मोठी चूक केली आणि ती निस्तरताना चार गोष्टी शिकले, तीच बाब आज सांगणार आहे. आपली जुनी, मोठी, कौलारू घरे उन्हाळ्यात थंड कशी राहत असत, आता ती का तापतात आणि त्यांना पुन्हा गारवा कसा आणावा, एवढाच माझा विषय.

आमचे घर तुम्ही पाहिलेलेच आहे. दगडी जोते, दीड हात जाडीच्या विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब, पुढे ओटी, आत माजघर, माजघरावर लाकडी फळ्यांचा माळा, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी मिठाच्या पैशातून ते बांधले असे सांगतात. एकदा शाकारणीला कौले उतरवली तेव्हा एका कौलावर १८६५ हा आकडा निघाला. आमचा पुतण्या ते कौल घेऊन गावभर फिरला की आमचे घर दीडशे वर्षांचे! पुढे कळले की तो आकडा घराचा नव्हे. मंगळूरला बेसल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, आणि तेच साल ते आपल्या कौलांवर छापत असत. असो. १९५४-५५ साली आपल्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले, त्याच्या पुष्कळ आधीचे हे घर आहे एवढे मात्र खरे.

आता माझी चूक सांगते. मुलाच्या लग्नाच्या वेळी घर नव्या पद्धतीचे करावे असे मला वाटले. माजघराच्या एका भागावरची कौले आणि माळा काढून तिथे सिमेंटचा स्लॅब टाकला. भिंतीच्या माथ्याला, वळचणीखाली, वितीएवढे झरोके होते. त्यांतून धूळ येते, चिमण्या घरटी करतात आणि एसीची थंड हवा बाहेर जाईल, म्हणून ते विटांनी बुजवले. ओटीला सरकत्या काचा बसवल्या. दीड टनाचा एसी लावला. येणारी-जाणारी माणसे वाहवा करीत. विरोध फक्त सासूबाईंचा होता, आणि म्हाताऱ्या माणसांचा विरोध आपण जसा हसून सोडतो तसा मी सोडला.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली ती सकाळी आली. सासूबाई त्याच खोलीत निजल्या होत्या. वय ब्याऐंशी. रात्री दोनच्या सुमारास त्या काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या. अंग तापलेले, जीभ कोरडी. आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसले, पदराने वारा घातला आणि उजाडण्यापूर्वीच रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी उष्णतेचा त्रास सांगितला. दोन दिवस सलाईन लावावे लागले. त्याच रात्री आमच्या शेजारच्या काकू, ज्यांच्या घराला कोणी हात लावलेला नाही, आपल्या उघड्या ओटीवर स्वस्थ झोपल्या होत्या.

घरी परतल्यावर सासूबाई मला रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "अगो, घराचे नाक तूच दाबलेस. मग ते श्वास कुठून घेणार?"

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी चौकशी सुरू केली. जुन्या गवंड्यांना विचारले, सुताराला विचारले, नात्यातल्या एका स्थापत्य शिकलेल्या मुलाला घरी बोलावून दोन दिवस ठेवून घेतले. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट छपराची. कौल पातळ असते. उन्हात ते चटकन तापते, पण सूर्य कलला की तितक्याच चटकन निवते. दोन कौलांमध्ये फटी असतात, त्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. खाली माळा असतो. माळ्यावर आपण गवऱ्या, लाकडे, जुनी भांडी ठेवतो आणि तो अडगळीसाठीच आहे असे समजतो. वास्तविक माळा ही कौल आणि माणूस यांच्यामध्ये धरलेली छत्री आहे. कौलाची धग माळ्यावर थांबते, माजघरात उतरत नाही. स्लॅबचे तसे नाही. चार-पाच इंच जाडीचे सिमेंट दिवसभर ऊन पिते. दुपारचा चटका संध्याकाळी खाली उतरू लागतो, आणि आपण अंथरूण घालतो तेव्हा डोक्यावर तवा तापलेला असतो. आमच्या सासूबाई त्या तव्याखाली निजल्या होत्या.

दुसरी गोष्ट झरोक्यांची. गरम हवा हलकी, ती वर चढते. वर वाट असली की ती निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या खिडकीतून गार हवा येते. हे काम बिनविजेचे, रात्रंदिवस चालते. वरची वाट बंद केली की खालच्या खिडकीचाही निम्मा उपयोग संपला.

तिसरी गोष्ट ओटीची. ओटी म्हणजे पाहुणे बसवायची जागा खरी, पण तिचे मोठे काम म्हणजे घराच्या भिंतीला सावली देणे. भिंतीवर ऊनच पडले नाही तर ती तापणार कशी? मी काचा बसवल्या तेव्हा ऊन आत आले आणि आतली धग मात्र बाहेर जाईना. काचेचा स्वभावच असा आहे.

आणि भिंती? त्यांचे काम सर्वांत संथ. दीड हात जाडीची भिंत तापायला दिवस घेते आणि निवायला रात्र. रात्री वारा मिळाला तर ती निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपल्याला गारवा परत देते. रात्रीचा वाराच बंद केला तर ती रोज थोडी थोडी तापत जाते. म्हणजे छप्पर, माळा, झरोका, ओटी, भिंत ही सगळी एकमेकींच्या हाताला हात लावणारी आहेत. घरातल्या पाच जावांपैकी एकीला बसवून ठेवले तर बाकीच्या चौघींवर काम पडते, तसेच हे आहे.

इथे एक सावधगिरीही सांगते. घर थंड करण्याची जुनी युक्ती सगळीकडे एकच नसते. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाची घरे असतात. छतावर मातीचा जाड थर, भिंती रुंद, खिडक्या लहान. तिकडची हवा कोरडी, दिवसा कडक ऊन आणि रात्री गार, म्हणून दिवसा घर मिटून ठेवायचे आणि रात्री गच्चीवर निजायचे ही त्यांची रीत. नागपूरकडे वाळ्याचे पडदे भिजवून लावतात. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेते. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिली असेल. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांचे दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते ऐन उन्हाळ्यातही गार असते. हे सर्व कोरड्या मुलखाचे उपाय. आपण राहतो खाडीकाठी. आपल्या हवेत पाणी आधीच इतके असते की वाळवायला घातलेले कपडे दमट राहतात, तिथे वाळ्याचा पडदा काय वाळणार? आमच्या एका नातेवाइकांनी पाण्याचा कूलर आणला, तर गाद्यांना वास येऊ लागला. आपल्याकडे अंगाला वारा लागला पाहिजे आणि घाम वाळला पाहिजे. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी जाड माळवदे बांधली नाहीत. ओटी, झरोके आणि समोरासमोर दारे बांधली.

मुंबईचा उन्हाळा म्हणजे वाऱ्याचा खेळ. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हवा उतरते. जमिनीकडून पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा येतो, त्या दिवशी पारा चढतो. सांताक्रूझला १९५२ सालच्या एप्रिलमध्ये ४२.२ अंशांपर्यंत तो चढला होता. किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, की हवामान खाते उष्णतेची लाट समजते. नागपूरकरांना ३७ ऐकून हसू येईल. पण आपल्या दमट हवेत ३७ अंश म्हाताऱ्या माणसाला पुरेसे घातक असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारते. "बाई, खिडक्या उघडा म्हणता, पण बाहेरची हवा कसली आहे?" प्रश्न रास्त आहे. माहुलची हवा काय आहे हे माहुलच्या बाईला सांगावे लागत नाही. आपल्या गावाच्या आणि आंबापाड्याच्या हवेची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आणि २०१५ साली तिच्यावर निकालही झाला. मी एक महिनाभर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा केल्या. वारा असला की फुली, वास आला की टिंब. टिंबे बहुतेक मध्यरात्रीनंतर आणि पहाटे, वारा पडलेला असताना आली. दुपारी तीन-चारपासून वारा वाहत असे तेव्हा टिंबे थोडी. म्हणजे पेच असा की घराला निववायची खरी वेळ रात्रीची, आणि वासाची वेळही नेमकी तीच.

या पेचातून आम्ही काढलेली वाट अशी. संध्याकाळी वारा सुटला की सगळी दारे-खिडक्या, समोरासमोरच्या, उघडायच्या आणि वास येईपर्यंत उघड्या ठेवायच्या. वास आला की त्या बाजूच्या खिडक्या लावायच्या, पंखा चालू ठेवायचा. सकाळी वारा हलला की पुन्हा उघडायचे. ऊन ज्या बाजूला येईल त्या बाजूची झडप दुपारी मिटायची, वरचे झरोके उघडे. पंचांगासारखे हे पाळावे लागते, पण आठ दिवसांत हात बसतो.

झरोके आम्ही फोडून पुन्हा मोकळे केले आणि चिमण्यांसाठी बारीक जाळी लावली. जाळी दर महिन्याला झाडतो, नाहीतर धुळीने तीही भिंतच होते. ओटीच्या काचा काढून बांबूच्या चिका सोडल्या. स्लॅब काढणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते, म्हणून होळी झाली की त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात देतो. पांढरा रंग ऊन परतवतो, एवढे साधे तत्त्व. पावसात चुना जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. पण खर्च किरकोळ, आणि फरक तळहात छताला लावला तरी कळतो. भिंतीला जिथे सिमेंटचा गिलावा केला होता तिथे पावसाळ्यात पोपडे येत. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडते. तिथे पुन्हा चुन्याचा गिलावा केला. कौलांची शाकारणी दर वर्षी पावसाआधी न चुकता करतो. फुटके कौल म्हणजे कुजलेला वासा, आणि कुजलेला वासा म्हणजे "पाडा हे घर" म्हणायला सर्वांना मिळालेले निमित्त.

"मग एसी फेकून दिला का?" नाही. मी जुने ते सोने म्हणणारी बाई नव्हे. ज्या रात्री वारा नाही, वास आहे आणि पारा चढलेला आहे, त्या रात्री आजारी व म्हाताऱ्या माणसाला एक थंड खोली हवीच. फक्त सबंध घर थंड करायचा हट्ट सोडला. कौलारू, उंच, फटींच्या घरात एसी लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. आम्ही मागची एक लहान खोली निवडली. तिला खाली फळ्यांचे छत, घट्ट बसणारे दार, जाड पडदा केला आणि दीड टनाच्या जागी एक टनाचे यंत्र लावले. हा 'टन' म्हणजे यंत्राचे वजन असे मी समजत होते! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढून बाहेर टाकणारे ते एक टनाचे यंत्र. ती बाहेर टाकलेली उष्णता जाते कुठे, हाही विचार करावा. आपल्या गावठाणातल्या बोळात बाहेरचे यंत्र टांगले की आपली धग शेजारणीच्या ओटीवर. आम्ही ते मागे, परड्याच्या बाजूला लावले. २०२० सालापासून नवी यंत्रे मुळात २४ अंशांवर लावून येतात. आम्ही २६-२७ वर ठेवतो आणि पंखा हळू चालवतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नवा कमी विजेचा ३० च्या आसपास, आणि दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. बिल पाहिले की हे गणित आपोआप पाठ होते. आणखी एक, एसीमुळे हवा शुद्ध होते हा गैरसमज आहे. साधा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. त्याची जाळी धूळ अडवते, वास आणि वायू अडवत नाही.

ही केवळ उन्हाची गोष्ट नाही. माझी भाची इंग्लंडात एका जुन्या विटांच्या घरात राहते. तिकडे प्रश्न उलटा, घर ऊबदार कसे ठेवावे हा. तिने थंडी येते म्हणून जुनी धुराडी बुजवली, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आणि संध्याकाळी दोन तास घर खूप तापवू लागली. पहिल्याच हिवाळ्यात कपाटांमागे काळी बुरशी आली. मग धुराड्याला लहान जाळी ठेवली, फटी फक्त दारांच्या बुजवल्या आणि मंद ऊब दिवसभर राहू दिली, तेव्हा घर सुधारले. फोनवर तिने हे सांगितले तेव्हा मी तिला सासूबाईंचे वाक्य ऐकवले. ती म्हणाली, "मावशी, आजींनी माझे घर न पाहताच सांगितले!"

समोरच्या वसाहतीतल्या भगिनी म्हणतील, आमच्या इमारतीला ना ओटी, ना माळा. तुमचे म्हणणे खरे आहे. लहान खोल्या, एकाच बाजूला खिडकी, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. हे घर बांधतानाच कोणी त्याचे नाक ठेवले नाही. तुमच्यासाठी माझ्यापाशी मोठा उपाय नाही. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मिळून गच्ची पांढरी करून घ्यावी, आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा लावून संध्याकाळी दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे वाऱ्याला एक वाट होते. अहमदाबाद शहराने २०१० च्या कडक उन्हाळ्यात पुष्कळ माणसे गमावल्यावर २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, आणि पुढे तिथे गरिबांच्या वस्तीत छपरे पांढरी करण्याचे काम निघाले. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच केले. जे तिथे होते ते माहुलला का होऊ नये?

म्हणून मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. पहिली, येत्या होळीनंतर मंडळाच्या खोलीच्या पत्र्याला पांढरा रंग द्यावा. दर मे महिन्यात शिवणवर्ग बंद ठेवावा लागतो तो त्या पत्र्यामुळेच. चुन्याचा आणि कुंचल्यांचा खर्च मी करीन, हात मात्र सर्वांचे हवेत. दुसरी, एप्रिल-मेमध्ये दर गल्लीत दोघीजणींनी एकट्या राहणाऱ्या व अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी करावी, आणि वीज गेली की त्यांच्या दारावर थाप मारावी. पाणी प्यायले का, बोलणे नीट आहे का, एवढे पाहिले तरी एखादीचा जीव वाचेल. बोलणे असंबद्ध वाटले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आम्ही दोन तास आधी निघालो असतो तर बरे झाले असते, ही रुखरुख मला अजून आहे.

आमच्या घरातही "सगळेच पाडून वर मजले चढवू" अशी बोलणी चालू आहेत. दिरांचे म्हणणे मला समजते. मुले वाढली, जागा पुरत नाही. माझी विनंती एवढीच असते की, बांधायचे ते बांधा, पण नकाशा काढणाऱ्याला आधी विचारा, वारा कुठून येणार, गरम हवा कुठून जाणार आणि भिंतीवर सावली कोण धरणार? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर नवे घरही चांगलेच असेल. न मिळाली तर ते कितीही चकचकीत असो, वीज जाईल त्या रात्री कळेल.

आणि हवेचे काय? खिडकी उघडावी की मिटावी एवढेच एका बाईच्या हाती आहे. बाहेरची हवा स्वच्छ मागणे हे सर्वांनी मिळून करण्याचे काम आहे, आणि मंडळे त्यासाठीच असतात.

सासूबाई आता पुन्हा ओटीवर निजतात. काल निघताना त्यांना म्हटले, उद्या तुमचेच बोलणे सभेत सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "सांग. पण जाळी झाडलीस का या महिन्यात?" ती राहिली आहे. म्हणून एवढे बोलून मी आपली रजा घेते.